पडद्यामागची तीन खोकी

आमच्या स्टुडिओतलं बेस गिटारचं खोकं दोन वर्षांत दुसऱ्यांदा बदलायचं, असं नवऱ्याने जाहीर केलं तेव्हा मी विचारलं, की त्यापेक्षा भिंतीच का बदलू नयेत. तो म्हणाला, "भिंतींना काय झालंय?" त्याच्याशी थट्टा करण्यात हाच तोटा आहे. तो उत्तर देतो.

खोकं म्हणजे स्पीकरचं कॅबिनेट. दुकानात कॅबिनेट म्हणतात, आम्ही खोकं म्हणतो. जाड फळ्यांची पेटी, पुढे जाळी, जाळीमागे स्पीकर. गिटारची वायर अ‍ॅम्पमध्ये जाते, अ‍ॅम्पची वायर खोक्यात जाते आणि खोक्यातून आवाज बाहेर येतो. यापलीकडे काही समजून घ्यायची गरज नाही. लग्न झाल्यावर कित्येक वर्षं मला एवढंच माहीत होतं आणि तेवढ्यावर संसार झाला.

स्टुडिओ म्हणजे गॅरेजांच्या गल्लीत मागच्या बाजूला दोन खोल्या आणि पुढे माझं टेबल. ज्यांना घरी वाजवू देत नाहीत ते लोक तासाच्या हिशेबाने इथे येऊन वाजवतात. भिंतींवर जुने गालिचे ठोकलेत, त्यांत आजवर येऊन गेलेल्या सगळ्यांचा घाम मुरलाय. फोन मी घेते, वेळा मी देते, सिगारेटी मी विझवायला लावते. वायरी, अ‍ॅम्प आणि 'माईक बिघडलाय' म्हणणारे गायक हे नवऱ्याचं खातं. रविवारी सकाळी मोठी खोली कुणालाच मिळत नाही, कारण तेव्हा नवऱ्याचा स्वतःचा बँड तालीम करतो. बँडमध्ये चौघं. बेसवर नवरा, ड्रमवर त्याचा शाळेपासूनचा मित्र, गिटारवर एक दातांचे डॉक्टर, आणि गायला नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद.

"मला माझाच बेस ऐकू येत नाही," ही नवऱ्याची तक्रार. बाकीच्यांना बेस सोडून काही ऐकू येत नव्हतं. आधी आमच्याकडे बारा इंची एकच स्पीकर असलेलं खोकं होतं, ते कमी पडलं. मग दहा इंची दोन स्पीकरचं आणलं, तेही कमी पडलं. दर सोमवारी पहिला बँड मोठ्या खोलीत शिरायचा, त्यांचा बेसवाला एक तार छेडायचा, दचकायचा, आणि बाहेर येऊन मला विचारायचा, "काल इथे कोण वाजवून गेलं?" मी म्हणायचे, "माहीत नाही हो." काही झालं तरी नवरा आहे.

घरातही त्याला ऐकू येत नव्हतं. पण नवऱ्याला ऐकू येत नाही ही तक्रार घेऊन बायका डॉक्टरकडे जायला लागल्या, तर रांग रस्त्यावर येईल. म्हणून मी गेले नाही. "तू हल्ली पुटपुटतेस," असं तो मला म्हणायचा. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागत होतं.

एका दुपारी नणंद आणि ड्रमर माझ्या टेबलाशी येऊन बसले. नवरा सामान आणायला गेला होता आणि हे दोघं ते बघूनच आले होते, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. मी चहा ठेवला.

"खोक्याचं काय ठरलं, वहिनी?" ड्रमरने विचारलं.

"तुमच्या मित्राचं ठरलंय, भाऊजी. दुकानातलं सगळ्यात मोठं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे तेही नाही," ड्रमर म्हणाला. "नाचता येतंय. अंगणही सरळ आहे."

"खोक्यात काहीच नाहीये, वहिनी," नणंद म्हणाली. "दादाचे कान गेलेत."

मी टेबलावरची पेनं एका रेषेत लावली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि कुणी तोंडावर सांगणं वेगळं.

मग बाकीचं बाहेर आलं. पुढच्या महिन्यात त्यांचा मोठा कार्यक्रम होता. गेल्या वेळी हॉलवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की बेसवाल्याने आवाज आवरला नाही तर पुन्हा बोलावणार नाही. नवऱ्याने ते ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलंच नव्हतं. आणि आता गिटारवाल्या डॉक्टरांनी बेस वाजवणारा एक मुलगा पाहून ठेवला होता.

"मुलगा पाहून ठेवलाय म्हणजे हे लग्न मोडायचं ठरलंच आहे," मी म्हणाले.

"तसं नाही हो," ड्रमर म्हणाला. त्याने कप खाली ठेवला, परत उचलला. "आम्ही शाळेत एका बाकावर होतो. मला नाही सांगवत. तुम्ही सांगा."

"मी का?"

"तुमचा नवरा आहे."

"हिचा भाऊ आधी, माझा नवरा नंतर."

"तुझ्यासमोर तो चिडत नाही," नणंद म्हणाली. "माझ्यावर चिडेल."

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न उंदरांना पडला होता तेव्हा निदान मांजर समोर तरी नव्हतं. आमचं मांजर तेवढ्यात दारातून आत आलं, हातात वायरींचं वेटोळं घेऊन. "चहा आहे का?" त्याने विचारलं. आम्ही तिघांनीही एकदम 'हो' म्हटलं. मी, का कोण जाणे, जरा जास्तच मोठ्याने.

नंतर आमचं असं ठरलं की आधी खोकं घेऊन होऊ दे. नव्या खोक्यानेही फरक पडला नाही, तर मग सांगायचं. हा पळपुटेपणा होता. खोक्याला तोंड नसतं, त्यामुळे त्याच्या माथी काहीही मारता येतं. पण मला ते सोयीचं वाटलं, कारण मला भीती वाटत होती. नवरा आठवडाभर लोकांच्या वायरी जोडतो, लोकांची भांडणं मिटवतो, लोकांनी सांडलेलं पुसतो, ते रविवारच्या त्या एका तालमीच्या जिवावर. ती काढून घेतली तर त्याच्याकडे काय उरतं? मी. ते काही पुरेसं नाही. मी स्वतःला चांगली ओळखते.

दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार मोठा गोड माणूस होता. दुकानात प्रत्येक खोकं चांगलंच वाजतं, कारण दुकानदार प्रत्येकावर तोच एक तुकडा वाजवून दाखवतो आणि तो तुकडा त्याला फार चांगला येतो. नवरा मात्र त्याच्याकडे लक्ष न देता खोक्यांच्या पाठीवर बोटांनी टकटक करत फिरत होता, कलिंगड घेताना करतात तसं. टकटक केल्यावर कान टेकवायचा. पूर्वी नुसतं वाजवून पुढे जायचा. मी दुसरीकडे पाहिलं.

शेवटी तीन खोकी निवडली. पहिलं सगळ्यात मोठं, दहा इंची आठ स्पीकरचं. या धंद्यात त्याला सगळे फ्रिजच म्हणतात, आणि ते उचलल्यावर कुणालाही पटतं. दुसरं चार स्पीकरचं, मध्यम, दिसायला देखणं. तिसरं मी निवडलं. कुणीतरी वापरून विकलेलं, पंधरा इंची एकच स्पीकर, कोपऱ्यांचं कापड उडालेलं, पण खाली चार चाकं. संगीतात चाकांना कुणी महत्त्व देत नाही. ज्यांनी खोकी उचलली आहेत ते देतात.

"ताई, तिन्ही घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "रविवारी वाजवून बघा. नको असलेली सोमवारी परत करा."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. स्टुडिओ सुरू केला तेव्हा माईक कोणता घ्यायचा यावरून नवरा आणि ड्रमर यांच्यात इतकं वाजलं, की दोघं आठवडाभर माझ्यामार्फत बोलत होते. तेव्हा नवऱ्याने नियम काढला. लोक डोळ्यांनी ऐकतात, असं त्याचं मत. नाव दिसलं, चकाकी दिसली, की आवाज चांगला वाटायला लागतो. म्हणून कोणतीही वस्तू पडद्यामागे ठेवून निवडायची. सगळ्यांनी पडद्याकडे पाठ करायची, वस्तू वाजवायची, हात वर करून मत द्यायचं, आणि पडद्यामागे जे ठरलं ते कायम. नंतर कुरकुर चालणार नाही. या नियमाने आमच्याकडे एक अत्यंत कुरूप पियानोही आलाय आणि तो सोन्यासारखा वाजतो.

पडद्यामागे बसायचं काम माझं, कारण मला मत नाही. मत नसलेल्या माणसालाच आतलं सगळं दिसतं.

रविवारी सकाळी मोठ्या खोलीच्या एका कोपऱ्यात चादरींचा पडदा टांगला. फ्रिज आत नेण्यासाठी दरवाजा बिजागरीवरून काढावा लागला आणि डॉक्टरांची पाठ धरली. तिसरं खोकं मी एका हाताने ढकलत नेलं आणि सगळ्यांना दिसेल असं नेलं. तिन्ही खोकी पडद्याआड ओळीने लावली. अ‍ॅम्प बाहेर, नवऱ्याजवळ. त्याचा आवाज एकदा ठरवायचा आणि मग बटणाला हात लावायचा नाही. अ‍ॅम्पची वायर पडद्याखालून आत, माझ्याकडे. मी ती एकेका खोक्याला लावायची आणि लावून झाली की पडदा हलवायचा. नवरा, डॉक्टर आणि नणंद पडद्याकडे पाठ करून उभे. ड्रम काही फिरवता येत नाहीत, म्हणून ड्रमर तेवढा पडद्याकडे तोंड करून. पडदा हलला की त्याने काठ्या आपटून चार मोजायचे आणि दोघांनी वाजवायला लागायचं. नुसत्या बेसला काही अर्थ नसतो, तो ड्रमबरोबरच ऐकायचा, हाही नवऱ्याचाच नियम.

पहिल्या खेपेला मी वायर फ्रिजला लावली. मी त्याच्या मागेच बसले होते. माझ्या दाढा हलल्या. बाहेर स्टुलावर ठेवलेला डॉक्टरांचा कप आपल्या पायांनी चालत काठापर्यंत गेला आणि नणंदेने तो वेळेवर पकडला.

"ठीक आहे," नवरा म्हणाला. "जरा दबल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या खेपेला मधलं खोकं. तेही जोरातच वाजलं, पण माणसासारखं. "हं," एवढंच नवरा म्हणाला. त्याच्या त्या 'हं'ने मला फार वाईट वाटलं. पडद्याच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसाची असते तशी ती पाठ होती.

मग मी वायर काढली आणि तिसऱ्याकडे वळले. पहिल्या दोन खोक्यांना वायर लावायचं भोक पाठीवर मधोमध होतं. याला तिथे नव्हतं. मी वर चाचपलं, बाजूला चाचपलं. शेवटी गुडघ्यांवर बसून डोकं खाली घातलं तेव्हा तळाशी एका पत्र्यामागे काहीतरी लागलं, त्यावर आधीच्या मालकाने रंगच फासून ठेवला होता. मी नखाने रंग खरवडत होते. वाकल्यामुळे माझी पाठ पडद्याला लागली आणि पडदा हलला.

बाहेर ड्रमरने चार मोजले.

वायर माझ्या हातात होती. मला वाटलं, आता थांबतील. आमचा अ‍ॅम्प नव्या पद्धतीचा आहे, जुना व्हॉल्वचा असता तर वायरीवाचून वाजवल्यावर जळाला असता. याला काहीच होत नाही. आवाज तेवढा येत नाही. ड्रम सुरू झाले आणि बेसच्या जागी फक्त तारांची बारीक टिकटिक यायला लागली, रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावीत तशी. मी म्हटलं, आता थांबेल. हा म्हणेल, 'अगं, वायर लाव.'

तो थांबला नाही.

मी फटीतून पाहिलं. खाली मान घालून वाजवत होता. खांदे डोलत होते. गेल्या दोन वर्षांत मी त्याला इतकं सैल, इतकं मजेत वाजवताना पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन खोक्यांना हात अवघडले होते, आता बोटं आपसूक चालली होती. डॉक्टरांनी हळूच मान वळवून पडद्याकडे पाहिलं, जे नियमात बसत नाही. नणंदेने तोंडावर हात ठेवला. ड्रमरला माझ्या हातातली वायर फटीतून सरळ दिसत होती. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला, पण ठोका चुकला नाही. न वाजणाऱ्या बेसबरोबर तो अख्खा तुकडा वाजवत राहिला.

एव्हाना मला भोक सापडलं होतं. वायरीचं टोक मी त्यावर टेकवलंही होतं. दाबलं असतं तर काम झालं असतं, आवाज आला असता, कुणी काही बोललं नसतं, आणि नवऱ्याला आयुष्यात कधी कळलं नसतं. मी दाबलं नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्याचा, माझा, त्या रंग फासणाऱ्या माणसाचा. मी वायर हातात धरून तो तुकडा शेवटपर्यंत ऐकला. म्हणजे जेवढा ऐकण्यासारखा होता तेवढा.

"हा!" वाजवून झाल्यावर नवरा म्हणाला. त्याने मान वर केली आणि सगळ्यांकडे आनंदाने पाहिलं. "हाच. आत्ता कुठे बेस ऐकू आला. काय गोल आवाज आहे! मत द्या."

स्वतःचा हात त्याने आधीच वर केला होता. ड्रमरने हात वर केला. डॉक्टरांनी केला. नणंदेने पडद्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि तिनेही केला. आमच्या स्टुडिओत एकमताने काही ठरल्याचं हे पहिलंच उदाहरण. मला हवं असलेलं, चाकांचं खोकं, चारपैकी चार मतांनी. झाकली मूठ कुणी उघडायला सांगत नव्हतं. मी गप्प बसले असते तर सगळ्यांची सोय झाली असती, खोकं आलं असतं, आणि पुढच्या महिन्यात कार्यक्रमाच्या आधी कुणीतरी चहा घेत घेत माझ्या नवऱ्याला सांगितलं असतं, की तुझ्या जागी एक मुलगा पाहून ठेवलाय.

मी पडदा बाजूला केला.

बँडसमोर मी त्याला कायम 'अहो' म्हणते. त्या वेळी तोंडातून 'अरे' गेलं. "अरे, वायर माझ्या हातात आहे."

"काय?" तो म्हणाला.

"वायर लावलेली नव्हती."

"काय म्हणतेस? पुटपुटू नकोस."

बहिऱ्या माणसाला ही बातमी हळुवारपणे देता येत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. मी पोटातून ओरडले, "वायर! माझ्या! हातात! आहे!" तेव्हा मला कळलं की दोन वर्षं मी घरात त्याच्याशी मोठ्याने का बोलत नव्हते. मोठ्याने बोललं की कबूल केल्यासारखं होतं.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग वायरीकडे, मग वायर जमिनीवरून जिथे जात होती तिथे, अ‍ॅम्पपर्यंत. मग परत माझ्या हाताकडे. वायरींशी खेळण्यात त्याचा जन्म गेलाय. त्याला अर्थ लावायला वेळ लागला नाही.

"पूर्ण वेळ?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

तो ड्रमरकडे वळला. "मग तू थांबला का नाहीस?"

ड्रमर काहीतरी बोलला, ते मलाही ऐकू आलं नाही. मग त्याने घसा साफ केला आणि गल्लीत जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "तू चुकत नव्हतास! एकदाही!"

नवरा अ‍ॅम्पच्या पेटीवर बसला. बेस मांडीवर आडवा ठेवला. "बरेच दिवस तुझ्या पायाकडे बघून वाजवतोय," तो म्हणाला.

"मला वाटलं, बूट आवडले," ड्रमर म्हणाला. डॉक्टरांना हसू आलं आणि त्यांनी ते अर्ध्यावर गिळलं.

"मला वाटत होतं, खोकंच कमी पडतंय." हे नवरा इतक्या हळू म्हणाला, की त्याला स्वतःलाही ऐकू आलं नसेल. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. मला त्याची कीव आली नाही. हा माणूस मला अजून फार आवडतो, एवढंच नको त्या वेळी ध्यानात आलं, आणि मी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

थोड्या वेळाने त्याने मान वर केली. "डॉक्टर, तुम्ही कुणाला तरी बघून ठेवलंय ना?"

डॉक्टर चपापले. नणंदेने माझ्याकडे मीच फितूर झाल्यासारखं पाहिलं.

"मला ऐकू येत नाही," नवरा म्हणाला. "दिसतं. माझ्यासमोर फोन आला की तुम्ही बाहेर जाता. कसा वाजवतो?"

"बरा!" डॉक्टर ओरडले.

"माझ्यापेक्षा?"

डॉक्टरांनी विचार केला. लोकांच्या जबड्यात हात घालणारा माणूस, खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "वायर काढली तर तो थांबेल!"

नवरा हसला. आधी तो, मग आम्ही. हसता हसता नणंदेला रडू कोसळलं. ती भावाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या कानाशी काहीतरी भराभर सांगायला लागली, जे अर्थातच त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तो तिच्या पाठीवर थोपटत "बरं, बरं," म्हणत होता.

मग तो उठला. "चला. तिसरं ठरलंय. लाव."

"दादा, ते खोकं वाजलंच नाहीये!" नणंद ओरडली.

"चार मतं पडलीत. नियम म्हणजे नियम."

मी पडद्याआड जाऊन वायर लावली. त्याने एक तार छेडली. बटण फ्रिजच्या वेळी होतं तिथेच होतं. त्या जुनाट खोक्यातून असा आवाज निघाला, की नणंदेने दोन्ही कान झाकले आणि डॉक्टर भिंतीला टेकले. नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. हे असं तो दर रविवारी करत होता, आणि लोकांचे कानांवरचे हात त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिले.

त्याने अ‍ॅम्पवरचा हात काढला. त्या बटणाला आजवर त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. "तू कर," तो मला म्हणाला. "यांच्याकडे बघून कर."

मी बटण फिरवत गेले, त्याने वाजवत राहायचं, मी बाकीच्यांकडे बघायचं. नणंदेचे हात कानांवरून खाली आले. डॉक्टरांचे खांदे उतरले. आणखी थोडं कमी केल्यावर ड्रमरने काठी वर करून मला थांबवलं. आवाज खरंच गोल होता.

"मला आता काही म्हणजे काहीच ऐकू येत नाहीये," नवरा म्हणाला.

"आम्हाला येतंय!" ड्रमर ओरडला.

नवऱ्याने मान हलवली आणि नजर खाली, ड्रमरच्या बुटाकडे नेली. त्यांनी अख्खा कार्यक्रम वाजवून काढला. मधेच नणंदेने जाहीर केलं की उद्या दादाला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि कार्यक्रमात बटण वहिनीच्या हातात राहील. मला कुणी विचारलं नाही. त्या मुलाला डॉक्टरांनी नकार कळवला, स्थळ चांगलं असूनही.

तालीम संपता संपता पुढच्या वेळेचा बँड दारात येऊन उभा राहिला. दरवाजा अजून बिजागरीवरून काढलेलाच होता, त्यामुळे त्यांना आतलं सगळं दिसत होतं. विमा कंपनीतले लोक आहेत, दर रविवारी लहान खोलीत वाजवतात. त्यांच्यातला बेसवाला थेट खोक्यापाशी गेला, वाकून जाळीतून आत पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "नवीन वाटतं? कसं वाजतं हो हे?"

नवऱ्याने त्याच्या ओठांकडे पाहिलं. एरवी अशा वेळी तो हसून 'हो हो' म्हणतो आणि कामाला लागतो. आज त्याने बेस पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं, आणि वेळ सांगावी तसं त्या माणसाला सांगितलं, "मला ऐकू येत नाही. हिला विचारा."

तो माणूस माझ्याकडे वळला.

"छान वाजतं," मी म्हणाले. मग तेच पुन्हा एकदा, ओरडून, नवऱ्याला कळावं म्हणून.